१०८ फिरवल्यावर घंटा कुठे वाजते?

तिवशासारख्या तालुक्याच्या गावी व्यापारी कुटुंबाचे घर हे केवळ राहण्याचे ठिकाण नसते. खाली दुकान किंवा अडतीची पेढी, वर राहते मजले, मागच्या अंगाला गोदाम, आणि ज्यांचा व्याप वाढला त्यांचे जिनिंग नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेला. कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्री यांच्या हंगामाप्रमाणे या घराची वर्दळ कमी-अधिक होते. अशा घरात दूरध्वनीची एक लाईन कधीच पुरली नाही. एक पेढीची, एक घरची, एक गोदामाची. आणि या साऱ्यांना जोडणारी, जिन्याखालच्या भिंतीवर टांगलेली ईपीएबीएक्सची पेटी. घरातली मंडळी तिला ‘इंटरकॉम’ एवढ्याच नावाने ओळखतात.

मोबाईल आल्यावर ही पेटी अडगळीत जाईल असे अनेकांना वाटले होते. ती गेली नाही. वरच्या मजल्यावरून सूनबाईंनी ‘चहा पाठवू का’ असे पेढीवर विचारायचे असेल, तर त्यासाठी मोबाईल शोधत कोणी बसत नाही. आजोबांच्या हाताला रिसीव्हरची सवय आहे. चष्मा नसला तरी २४ ही कळ त्यांची बोटे बरोबर शोधतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या पेटीचे पुस्तकी मूल्य घसाऱ्याने केव्हाच शून्यावर आलेले असते. उपयोगमूल्य मात्र शाबूत असते.

दुसरीकडे त्याच घरात गेल्या काही वर्षांत नव्या वस्तूंची भर पडली. मोबाईलवरून लागणारे दिवे, फाटकावरचा कॅमेरा, पाण्याच्या टाकीची मोटर आपोआप बंद करणारे यंत्र. प्रत्येकाचे ॲप वेगळे, पासवर्ड वेगळा, आणि ते सारे बहुधा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या नातवाच्या मोबाईलमध्ये. नातू दिवाळीला येतो, सर्व काही चालू करून देतो आणि परत जातो. मागे उरलेल्या दोन वृद्धांना बैठकीचा दिवा मालवायचा तर पुण्याला फोन लावावा लागतो. हा विनोद अनेक घरांत खरोखर घडतो आहे. ही यंत्रे आजोबांच्या ओळखीच्या रिसीव्हरला जोडता येतील का, असा प्रश्न मग कोणीतरी विचारतो. उत्तर होकारार्थी आहे; पण त्यात काही धोकेही आहेत, आणि त्यांतला एक जिवावर बेतणारा आहे.

फोनची कळ दाबून दूरवरचे यंत्र चालवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ या नावाने शेतातील पंपासाठी असेच यंत्र तयार केले. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते आणि पंप सुरू करण्यासाठी म्हातारपणीही शेताची वाट तुडवावी लागते, हे त्यांनी स्वतःच्या आजोबांच्या बाबतीत पाहिले होते. त्यांच्या यंत्रात शेतकरी फोन लावून ठरावीक कळा दाबतो. वीज आहे की नाही हे आवाजाच्या खुणेवरून कळते आणि पंप घरबसल्या सुरू होतो. घरातली जोडणी हे त्याचेच विस्तारित रूप आहे. फरक इतकाच की येथे एक पंप नसून वीस वस्तू असतात आणि एक फोन नसून आठ असतात.

आता त्या जिन्याखालच्या पेटीत काय चालते ते पाहू. बाजारात तिला ‘तीनशे आठ’ म्हणतात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या ३ लाईनी आणि घरातली ८ उपकरणे. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह सतत येत असतो. घंटा वाजवायची वेळ आली की त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तने करणारा उलटसुलट प्रवाह सोडला जातो. कळ दाबली की दोन स्वर एकाच वेळी उमटतात; ५ ची कळ म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ यांची जोडी. या स्वरपद्धतीला डीटीएमएफ म्हणतात, आणि पुढची सारी किमया या स्वरांवर उभी आहे. संगणकाला आजोबांचा आवाज समजला नाही तरी चालेल, हे स्वर ओळखता आले की पुरे.

हे काम करणाऱ्या दोन आज्ञावल्या जगभर वापरात आहेत आणि दोन्ही विनामूल्य मिळतात. पहिली ‘ॲस्टरिस्क’. तिची जन्मकथा व्यापारी वाचकांना आवडावी. १९९९ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने छोटा व्यवसाय सुरू केला. ग्राहकांचे फोन घेण्यासाठी चांगली दूरध्वनी यंत्रणा हवी होती, तिची किंमत परवडेना. तेव्हा त्याने साध्या संगणकावर चालणारे एक्स्चेंज स्वतःच लिहिले. आज तीच आज्ञावली असंख्य कार्यालयांचे फोन सांभाळते. दुसरी ‘होम असिस्टंट’, २०१३ साली पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केलेली. निरनिराळ्या कंपन्यांचे दिवे, पंखे, कुलुपे आणि संवेदक यांना ती एका छताखाली आणते, आणि तिचा हिशेब घरातल्याच लहान संगणकावर चालतो. साधा टेलिफोन उचलून घराशी बोलण्याची सोय तिने २०२३ मध्ये स्वतःहून दिली. एक आज्ञावली फोन ऐकते, दुसरी घर चालवते. दोघींमध्ये निरोप्याची व्यवस्था केली की काम झाले.

जुनी पेटी फेकून देण्याची मुळीच गरज नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण विक्रेते बहुधा उलट सांगतात. मधोमध बसवायचा तो ‘गेटवे’, पुस्तकाएवढा डबा. त्याला दोन प्रकारची भोके असतात. एफएक्सएस हे फोन-उपकरण लावण्यासाठी. त्यातून घंटा व व्होल्टेज बाहेर येते. एफएक्सओ हे लाईन घेण्यासाठी. ते स्वतः फोन-उपकरणासारखे वागते. दोन्हींत वायर सारखीच बसते, आणि नेमकी येथेच चूक होते. एक्स्चेंजची लाईन एफएक्सएसमध्ये खुपसली की दोन्ही बाजूंनी वीज समोरासमोर येते आणि डबा जळू शकतो. सुरक्षित मार्ग असा: पेटीच्या आठ उपकरणांपैकी एक जागा मोकळी करावी आणि तेथून वायर एफएक्सओमध्ये आणावी. पेटीला वाटते की आठव्या जागी कोणीतरी फोन घेऊन बसले आहे. आजोबांनी २८ फिरवला की संगणक फोन उचलतो, ‘फाटकासाठी १, अंगणातल्या दिव्यासाठी २’ असे घरच्याच कोणाच्या आवाजात सांगतो, आणि दाबलेली कळ होम असिस्टंटकडे पोचवतो. उलट दिशेलाही हेच. घराला काही सांगायचे असेल तर संगणक आठव्या जागेवरून रिसीव्हर उचलल्यासारखे करतो आणि हवा तो क्रमांक फिरवतो. एका वेळी एकच बोलणे, ही या स्वस्त मार्गाची मर्यादा. सर्व फोन एकदम वाजवायचे असतील तर पेटीत गटाने घंटा देण्याची सोय आहे का, हे आधी तपासावे.

एक अडचण खास आपल्याकडची आहे. फोन करणाऱ्याचा क्रमांक कळावा, म्हणजे पेढीच्या गिऱ्हाईकाचा फोन पेढीवर आणि मुलीच्या सासरचा फोन घरात वाजेल, अशी अनेकांची इच्छा असते. अमेरिकी बनावटीची उपकरणे हा क्रमांक पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत शोधतात. आपल्याकडे अनेक तांब्याच्या लाईनींवर तो घंटेच्याही आधी, तारेची ध्रुवता उलटवून, डीटीएमएफ स्वरांत येतो. उपकरण तेव्हा जागेच झालेले नसते. मग पडद्यावर ‘अज्ञात’ उमटते आणि दोष उगाच लाईनला दिला जातो. ॲस्टरिस्कमध्ये यासाठी भारताच्या नावाची स्वतंत्र मांडणीच आहे, ‘पोलॅरिटी-आयएन’. ती निवडण्याचे राहून गेले तर कितीही महाग उपकरण घेतले तरी क्रमांक दिसत नाही.

एवढे जमल्यावर उपयोग कोणते? बहुतेकांना आधी शोभेचे सुचतात, ते सोडून देऊ. कमी ऐकू येणाऱ्या आजींच्या खोलीत फोन वाजला की दिवा तीनदा उघडझाप करतो, हे खरे उपयोगाचे. फोन उचलला की दूरचित्रवाणीचा आवाज खाली जातो, हेही. रात्रीचे भोजन वर्ज्य करणाऱ्या घरांना आणखी एक सोय आवडेल. होम असिस्टंटला घराचे अक्षांश-रेखांश सांगितले की ती रोजचा सूर्यास्त स्वतः काढते आणि त्याआधी अर्धा तास स्वयंपाकघरातला फोन वाजवू शकते. मुंबईत छापलेल्या दिनदर्शिकेतील वेळ तिवशाला लागू पडत नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. तिवसा मुंबईच्या पूर्वेला सुमारे ५ अंश आहे; अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने येथे सूर्य सुमारे २० मिनिटे आधी मावळतो, ऋतूप्रमाणे थोडे कमी-जास्त. मुंबईच्या वेळेवर विसंबणाऱ्याचा शेवटचा घास येथे सूर्यास्तानंतर पडण्याचा संभव आहे.

खरी किंमत वसूल होते ती गोदामात. कापूस भडकण्याआधी तासन् तास आतल्या आत धुमसतो. रात्री दोन वाजता गोदामात काय चालले आहे हे वर झोपलेल्यांना कळण्याचा मार्ग नसतो. संवेदकाने इशारा दिला की घरातले सर्व फोन वाजतात आणि उचलल्यावर ‘मागच्या गोदामात आग, बाहेर पडा’ असे शब्द ऐकू येतात. मोबाईलवरच्या एका ‘टिंग’पेक्षा हे कितीतरी परिणामकारक. मात्र जिनिंगच्या किंवा सरकीच्या धुळीत धूर ओळखणारा संवेदक वारंवार खोटा इशारा देतो, आणि तिसऱ्या खोट्या इशाऱ्यानंतर घरातले कोणीतरी त्याची वायर काढून ठेवते. अशा जागी उष्णता ओळखणारा संवेदक बरा; तो थोडा उशिरा बोलतो, पण बोलतो तेव्हा खरे बोलतो.

आता त्या जिवावरच्या धोक्याकडे वळू. अनेक पेट्यांमध्ये घरातल्या उपकरणांचे क्रमांक १०१ पासून सुरू होतात. आठ उपकरणे असली की आठवे उपकरण १०८ होते. आणि १०८ हा महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे! १०१ हा अग्निशमन दलाचा. पहाटे आजोबांच्या छातीत दुखू लागले, घाबरलेल्या आजींनी उशाजवळचा फोन उचलून १०८ फिरवला, तर पेटीच्या दृष्टीने त्यांनी गोदामाला फोन लावला. गोदामात त्या वेळी कोणी नाही. घंटा वाजत राहते, आजींना वाटते रुग्णवाहिकावाले उचलत नाहीत. अवघड रुग्णाला तिवशाहून मोझरीवरून अमरावती गाठावी लागते. त्या वाटेवरची पहिली मिनिटे अशी रिकाम्या गोदामात जातात. घरातल्या मोठ्यांना ‘आधी ० दाबून बाहेरची लाईन घ्यायची’ हे ठाऊक असते, असे कोणी म्हणेल. सुखाच्या वेळी सर्वांना सर्व ठाऊक असते.

म्हणून कोणतीही नवी जोडणी करण्यापूर्वी, पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, घरातले क्रमांक बदलावेत. २१ ते २८ अशी दोन आकडी, २ ने सुरू होणारी मालिका सर्वांत बरी. १ ने सुरू होणारा एकही क्रमांक घरात ठेवू नये. त्यानंतर ११२, १०८, १०१ आणि १०० हे क्रमांक कोणत्याही उपकरणावरून, आधी ० न दाबता, थेट बाहेर जातील अशी योजना करावी. काही पेट्यांत त्यासाठी स्वतंत्र तक्ता असतो. नसेल तर तंत्रज्ञाकडून लेखी उत्तर मागावे. हा मार्ग पेटीतूनच गेला पाहिजे, संगणकातून नव्हे. संगणक अद्ययावत होण्यासाठी कधी रात्रीच बंद पडतो. आपत्कालीन फोन त्याच्या मर्जीवर ठेवता येत नाही.

कुलुपांच्या बाबतीत बँकांची जुनी शिस्त येथे तंतोतंत लागू पडते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकाच्या विश्वासावर तिजोरी उघडत नाही, मग तो कितीही जुना असो. ‘थोरल्या मुलाच्या मोबाईलवरून फोन आला की फाटक उघडावे’ अशी व्यवस्था म्हणजे एका किल्लीची तिजोरी. फोनवर दिसणारा क्रमांक बनावट करता येतो, हे आता फसवणूक करणाऱ्यांनी सर्वांना शिकवले आहे. क्रमांक ही एक किल्ली, कळांनी दाबलेला गुप्त आकडा ही दुसरी. तीनदा आकडा चुकला की काही काळ दार बंद, हे एटीएमप्रमाणेच. आणि गोदामाचे, तिजोरीच्या खोलीचे कुलूप या व्यवस्थेत घेऊच नये. फाटकापर्यंत ठीक, त्याच्या आत माणसाच्या हातातली किल्लीच असावी.

दुसरी फसवणूक अधिक शांतपणे होते. संगणकावरचे एक्स्चेंज इंटरनेटला उघडे ठेवले, विशेषतः ५०६० या क्रमांकाचे द्वार, की ते शोधणारी स्वयंचलित यंत्रे लवकरच येऊन पासवर्ड तपासू लागतात. उपकरण आले तेव्हाचाच पासवर्ड कायम असला तर घरच्या लाईनीवरून रात्रभर परदेशातल्या महागड्या क्रमांकांना फोन जातात आणि बिल आल्यावर कळते. त्यावर उपाय चार: द्वार बाहेर उघडू नये, नातवाला पुण्याहून जोडायचे असेल तर व्हीपीएनमधून जोडावे, पासवर्ड लांब असावा, आणि कंपनीकडे अर्ज देऊन लाईनीवरची आयएसडी सेवा बंदच करून घ्यावी. परदेशी बोलण्यासाठी आज लँडलाईन कोण वापरतो?

याच ठिकाणी कायद्याचाही संबंध येतो. परदेशात असलेल्या मुलाला घरच्या पेटीतील एक क्रमांक इंटरनेटवरून देता येतो आणि तो घरच्यांशी बोलू शकतो, इथवर प्रश्न नाही. परंतु त्याच मार्गाने तो घरच्या लाईनीवरून अकोल्याच्या मामांना किंवा यवतमाळच्या मित्राला फोन लावू लागला, की परदेशातून आलेला कॉल परवान्याशिवाय देशातल्या दूरध्वनीच्या जाळ्यात सोडल्यासारखे होते. अवैध एक्स्चेंज म्हणून पोलीस ज्यांवर छापे घालतात त्यांचे मूळ तत्त्व हेच. हेतू कितीही घरगुती असला तरी बाहेरून जोडलेल्या क्रमांकाला बाहेर जाणारी लाईन मिळणार नाही, हे मांडणीतच पक्के करावे.

राहिला वऱ्हाडातला नित्याचा विषय, वीज. जुन्या तांब्याच्या लाईनीला एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून वीज मिळे. गाव अंधारात असले तरी फोन चालू असे. फायबर आल्यावर ही सोय संपली. भिंतीवरचा फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो; वीज गेली की लाईनही गेली. म्हणून फायबरचा डबा, पेटी, गेटवे आणि लहान संगणक ही चारही यंत्रे इन्व्हर्टरवर घ्यावीत. चौघांचा मिळून खर्च साधारण ५० वॅटच्या आसपास, म्हणजे जुन्या छताच्या पंख्याहून कमीच. १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी एवढ्याच भारावर रात्र सहज काढते. त्यावर चार पंखे आणि दूरचित्रवाणी लावली की हिशेब बिघडतो.

विजांचा उपद्रव वेगळा. जूनच्या पहिल्या पावसात तांब्याच्या तारेवरून येणारा झटका आधी एफएक्सओचे भोक जाळतो. लाईन घरात शिरते तेथे विजेचा झटका जमिनीत उतरवणारे संरक्षक साधन आणि नीट केलेले अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला संगणक बंद पडतो, हेही लक्षात ठेवावे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी १२८ लाईनींचे एक्स्चेंज केले तेव्हा ते वातानुकूलनाशिवाय चालले पाहिजे ही अट प्रथम घातली होती. आजच्या विक्रेत्याला हा प्रश्न विचारला की तो गोंधळतो. जिन्याखालची सावलीची जागा त्या जुन्या पेटीसाठी कोणीतरी विचारपूर्वक निवडली होती. नव्या डब्यांनाही तीच द्यावी.

शेवटी एक वही करावी, खतावणीसारखी. कोणती वायर कोठून कोठे गेली, कोणता क्रमांक कोणाचा, पासवर्ड कोणत्या पाकिटात आणि ते पाकीट कोणाकडे, शेवटचा बदल कोणी व कधी केला. नातवाच्या डोक्यात असलेली माहिती त्याच्याबरोबर पुण्याला जाते. वहीच्या पहिल्या पानावर सर्व काही बंद करून पेटी पूर्ववत चालवण्याची रीत मोठ्या अक्षरांत लिहावी. बहुधा ती एक वायर काढण्याइतकीच असते.

यंत्रणा ताब्यात घेताना चाचणी घ्यावी ती मुलांनी नव्हे, आजींनी; मुख्य वीज बंद करून, संगणक बंद करून, त्यांच्या उशाजवळच्या फोनवरून. त्यासाठी ११२ किंवा १०८ विनाकारण फिरवू नये, तेथे खऱ्या अडचणीतले कोणीतरी रांगेत असते. तंत्रज्ञाने आपत्कालीन तक्त्यात आपला स्वतःचा मोबाईल क्रमांक तात्पुरता घालावा, आजींनी ० न दाबता तो फिरवावा, आणि तंत्रज्ञाच्या खिशात घंटा वाजली की मगच त्याच्या बिलावर सही करावी.